आधी पुस्तकं, मग परांची

जुन्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या नूतनीकरणाचं आणि विस्ताराचं काम हाती आलं की पहिल्या भेटीत सगळ्यांच्या माना वर असतात. घुमट, रंगीत काचा, कोरीव लाकडी छत. टेप मात्र खाली, फळीला लावावी लागते. ग्रंथ किती, असं विचारलं की ग्रंथपाल दाखल नोंदवहीतला आकडा सांगतात, समजा तीन लाख. बांधकामाला त्या आकड्याचा थेट उपयोग नाही. त्याला हवे असतात धावते मीटर आणि किलो.

हिशेब साधा आहे. मध्यम जाडीचा बांधीव ग्रंथ अडीच ते तीन सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे एका मीटरमध्ये ३३ ते ४० ग्रंथ. तीन लाख ग्रंथांचे साडेसात ते नऊ किलोमीटर होतात. मीटरमागे वजन ३० ते ४० किलो. गुळगुळीत कागदावरच्या नियतकालिकांचे बांधीव खंड असतील तर पन्नासच्याही वर. म्हणजे इमारतीच्या अंगावर नुसत्या कागदाचं तीनशे टनांच्या आसपास वजन आहे, आणि ते नेमकं कुठं बसलंय हे कोणत्याच नकाशावर नाही. खोली, कपाट, फळी अशा क्रमाने मोजणी करायला दोन-तीन आठवडे जातात. फळी किती भरली आहे, उंच ग्रंथ किती आहेत आणि हाताळायला नाजूक किती आहेत, हे तीन रकाने वहीत हवेतच. तिसरा रकाना गाळला की पुढे खोक्यांचा आणि माणसांचा अंदाज हमखास चुकतो. कणा निखळलेला ग्रंथ फितीने बांधून, कागदात गुंडाळून, आडवा ठेवावा लागतो. त्याला साध्या ग्रंथाच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो.

मोजणीचा दुसरा उपयोग स्ट्रक्चरल इंजिनिअरला होतो. वाचनकक्ष म्हणून बांधलेल्या लाकडी जमिनीवर जागा पुरेना म्हणून पुढच्या पिढ्यांनी कपाटं चढवलेली असतात. दोन्ही बाजूंनी फळ्या असलेलं, सात थरांचं, ९० सेंटिमीटर रुंद कपाट घ्या. त्यात साडेबारा मीटर ग्रंथ बसतात, म्हणजे सुमारे ४४० किलो. पोलादी सांगाडा धरून ४९०. दोन ओळींच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर दीड मीटर असेल तर चौरस मीटरला साडेतीनशे किलोंच्या पुढे भार जातो. नियतकालिकांचे खंड असतील तर पाचशे. म्हणूनच भारतीय मानक ८७५च्या दुसऱ्या भागात ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरला ६ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे शंभर किलोंचा भार) आणि त्यापुढच्या प्रत्येक मीटर उंचीला आणखी २ किलोन्यूटन भार धरायला सांगितलं आहे. युरोपीय संहितेत साठवणुकीच्या जागांचा आकडा ७.५ किलोन्यूटन आहे.

आता कुणीतरी सरकत्या कपाटांची सूचना करतं. रुळांवरची कपाटं एकमेकांना चिकटतात, मधली वाट नाहीशी होते, तेवढ्याच खोलीत जवळजवळ दुप्पट ग्रंथ मावतात. पण वर धरलेलं तेच ४९० किलोंचं कपाट आता अर्ध्या चौरस मीटरवर उभं असतं, म्हणजे भार चौरस मीटरला टनाच्या घरात जातो. जुन्या तुळयांवर हे होणे नाही. तुळई मोडत नाही, पण झुकते, आणि झुकलेल्या जमिनीवर भरलेलं कपाट कुणी हात न लावता मध्याकडे घरंगळायला लागतं. सरकती कपाटं हवी असतील तर जमिनीलगतच्या भक्कम फरशीवर किंवा नव्या विस्तारात, आणि रूळ काँक्रीट ओतण्याआधी बसवून पातळीत आणलेले. मागाहून रूळ ठोकले तर जमीन उंचावते आणि प्रत्येक दारापाशी उतार काढावा लागतो.

मोजणी झाली की एकच प्रश्न उरतो: काम चालू असताना हे सगळं राहणार कुठं? जागच्या जागी प्लास्टिक टाकून झाकून ठेवायचं, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग. प्लास्टिकच्या आत ओल कोंडते, बाहेरची धूळ तरीही शिरते, आणि छताखाली काम करणाऱ्याला पाय ठेवायला जागा नसते. दुसरा मार्ग मजल्यामजल्याने सरकण्याचा. हार्वर्डच्या वाइडनर ग्रंथालयाचं नूतनीकरण १९९९ ते २००४ या काळात असं झालं. ग्रंथालय चालू राहिलं आणि आतले दोन उघडे चौक छप्पर घालून वाचनकक्ष केले गेले. यात वाचक तुटत नाहीत, पण एकच ग्रंथ दोन-तीनदा हलतो, आणि दर वेळी सूचीतली त्याची जागा बदलावी लागते. तिसरा मार्ग सगळं बाहेर नेण्याचा. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाने २०१० मध्ये स्विंडनजवळ कोठार उघडलं, सुमारे सत्तर लाख ग्रंथांची हलवाहलव केली, मग न्यू बॉडलियन इमारतीतला साठ्याचा अवाढव्य सांगाडा काढून तिथं २०१५ मध्ये वेस्टन ग्रंथालय सुरू केलं. अशा कोठारात ग्रंथ विषयवार लावत नाहीत, उंचीप्रमाणे तबकांत भरतात आणि ग्रंथाचा बारकोड तबकाच्या व शेल्फच्या बारकोडशी जोडतात. जागा वाचते. मात्र चुकीच्या तबकात गेलेला ग्रंथ हरवल्यातच जमा, कारण शेजारच्या पुस्तकावरून त्याचा माग लागत नाही.

बाहेर नेण्याचं ठरलं की सहा जणांच्या तुकडीकडून दिवसाला दीड-दोनशे मीटरची अपेक्षा धरावी. वर्गांकाच्या (विषयानुसार ग्रंथाला दिलेल्या क्रमांकाच्या) क्रमाने, डावीकडून उजवीकडे, वरच्या फळीपासून खाली. प्रत्येक खोक्यावर अनुक्रमांक, पहिला वर्गांक आणि शेवटचा वर्गांक. मजल्याप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा. ग्रंथ खोक्यात उभे किंवा कण्यावर ठेवावेत. पानांची मोकळी बाजू खाली आली की जड ग्रंथाच्या पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने आवरणातून निखळतो. खोकं पंधरा किलोंवर भरू नये. दुपारनंतर लोक दमतात आणि खोकी आपटायला लागतात. याचा पगाराशी नाही, वजनाशी संबंध असतो.

साफसफाई याच टप्प्यावर उरकावी, कारण एरवी प्रत्येक ग्रंथ हातात येण्याचा योग पुन्हा येत नाही. ग्रंथ घट्ट मिटून धरायचा आणि वरची कड कण्याकडून बाहेरच्या दिशेने मऊ ब्रशने झाडायची, धूळ सूक्ष्म गाळणी असलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाशी न्यायची. साध्या व्हॅक्यूमने धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीत येते. एकोणिसाव्या शतकातल्या गर्द हिरव्या कापडी बांधणीत आर्सेनिकयुक्त रंग सापडतो. अशा ग्रंथांना नायट्राइलचे हातमोजे, वेगळी पिशवी आणि वेगळी नोंद. कसर किंवा वाळवीची शंका असलेले ग्रंथ बाकीच्यांत मिसळायचे नाहीत. हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडली तर थंड कागदावर दव साचतं, म्हणून ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस तशीच ठेवायची. बारकोड किंवा आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचली जाणारी) पट्टी लावायची तीही आत्ताच. दुर्मीळ ग्रंथांना काहीही चिकटवायचं नाही. संकेतांक आम्लरहित कागदाच्या पट्टीवर, पट्टी आत.

खोल्या रिकाम्या झाल्या की इमारत बोलायला लागते. कपाटांमागच्या भिंतीवर लोणा, छताच्या कडेला तपकिरी वर्तुळं, तुळईच्या टोकाशी भुसा. ओलीचा उगम शोधताना खालून वर जाण्यापेक्षा वरून खाली यावं. दोन उतारांमधली पन्हाळ, दगडी कठड्यामागची पन्हाळ, भिंतीत लपवलेला ओतीव लोखंडाचा पाइप, हे नेहमीचे गुन्हेगार. पाइप भिंतीकडच्या बाजूने फुटतो, कारण त्या बाजूला रंगाचा हात कधी पोचलेलाच नसतो. पन्हाळीत पाणी सोडून तासभर थांबलं की उत्तर मिळतं. तुळईचं टोक भिंतीत जिथं रुततं तिथं लाकूड आधी कुजतं. वरून ते धडधाकट दिसतं, हातोडीने ठोकलं की पोकळ वाजतं. बारीक सुई-ड्रिलने लाकडाचा रोध मोजणारं यंत्र असेल तर कूज किती आत गेली ते मिलिमीटरमध्ये कळतं. मग पूर्ण तुळई बदलायची गरज नसते. कुजलेलं टोक तिरपं कापून, त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा जोडून, दोन्ही बाजूंना किंवा मध्ये पोलादी पट्टी बोल्टने आवळायची. भिंतीतल्या खोबणीत मात्र टोकाभोवती हवा खेळायला बोटभर फट ठेवायची, नाहीतर नवं टोकही जुन्याच वाटेने जातं.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत जास्त नुकसान आधीच्या दुरुस्त्यांनी केलेलं आढळतं. चुन्यात बांधलेल्या भिंतीचे दर्जे, म्हणजे दगडांमधले सांधे, कुणीतरी सिमेंटने भरलेले असतात. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाण्याला बंद. भिंतीतली ओल दर्ज्यातून बाहेर पडायची ती आता दगडातून पडते, क्षार दगडाच्या तोंडाशी साचतात आणि दगडाचाच पापुद्रा सुटतो. दर्जा शाबूत, दगड खाल्लेला, असं दृश्य दिसलं की निदान झालं. सिमेंट काढताना ग्राइंडर वापरू नये. दगडाच्या कडा कापल्या जातात आणि सरळ रेघेचे ते व्रण कायमचे राहतात. छिन्नीने, दर्ज्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत मोकळं करायचं, धूळ झाडायची, पाणी मारायचं आणि चुना-वाळू साधारण एकास तीन अशी भरायची. चुना चांगला विरलेला हवा. कच्चे कण राहिले तर ते नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्याला फोड येतात. भरलेला दर्जा आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवावा लागतो. गडबड करणारा गवंडी गोणपाट दुसऱ्याच दिवशी काढतो आणि दर्जा बोटाने खरवडला तरी निघतो. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर हे काम काढूच नये.

वायरिंग, इंटरनेटच्या तारा, हवेच्या नळ्या यांसाठी जुन्या इमारतीत जागा असते, फक्त ती शोधावी लागते. बंद पडलेल्या चिमण्या, हवा खेळण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या पोकळ्या, उंच कपाटांचा माथा, लाकडी जमिनीखालची मोकळी जागा. दगडात चर खणायचा नाही हा पहिला नियम. दुसरा नियम खिळ्याचा: खिळा किंवा स्क्रू दर्ज्यात जातो, दगडात कधीच नाही, कारण दर्जा पुन्हा भरता येतो. वाचनाच्या टेबलांना वीज द्यायची तर जुन्या टेबलाला भोकं पाडण्यापेक्षा मध्यावर तारा आणि प्लगचा स्वतंत्र कणा बसवावा. उद्या प्लगचा आकार बदलला की टेबल न बदलता कणा बदलता येतो. वायफायचं गणित जाड भिंती बिघडवतात, तेव्हा मोठ्या दालनांत तरी दर खोलीला स्वतंत्र ॲक्सेस पॉइंट धरून चालावं. प्रकाशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वाचनाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स, नाजूक वस्तूंवर ५०, खिडक्यांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, आणि साठ्याच्या वाटांवर माणूस आला की लागणारे दिवे.

वातानुकूलनात मात्र घोळ होतात, आणि बहुतेक एकाच कारणाने. जाड भिंतींची इमारत स्वतः तापमान आणि दमटपणा सावकाश बदलते. तिच्यात दिवसा यंत्र लावायचं आणि रात्री वीज वाचवायला बंद करायचं, असं केलं की रोज संध्याकाळी दमटपणा वर उसळी घेतो. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आमंत्रण. साठ्याच्या खोलीत यंत्र लावायचं तर चोवीस तास, नाहीतर लावायचंच नाही आणि खोली हवाबंद करून भिंतींच्या जडपणावर विसंबायचं. दुसरा पर्याय ऐकायला विचित्र वाटतो, पण बाहेरची हवा आत कमी आली की आतला कागदच दमटपणा शोषून आणि सोडून समतोल राखतो. बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये. मध्ये हात जाईल एवढी, दहा-पंधरा सेंटिमीटर, मोकळी जागा हवी. आणि साठ्याच्या डोक्यावरून पाण्याचा एकही पाइप जाता कामा नये, यंत्रातून ठिबकणाऱ्या पाण्याचा तर नाहीच. ग्रंथालयातल्या गळतीत छतापेक्षा हाच बारीक पाइप जास्त वेळा सापडतो, कारण तो शेवाळाने तुंबतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आग हा विषय वेगळा काढून लिहावा लागतो. जुन्या ग्रंथालयांना सर्वांत मोठा धोका नेमका नूतनीकरणाच्या आगेमागे असतो. वायमारच्या आना अमालिया ग्रंथालयाला २ सप्टेंबर २००४ रोजी आग लागली ती ग्रंथ दुसरीकडे हलवायच्या काही आठवडे आधी. सुमारे ५०,००० ग्रंथ गेले. ग्लासगोच्या कलाविद्यालयातली मॅकिन्टॉशची इमारत मे २०१४ मध्ये पेटली तेव्हा पाण्याच्या तुषारांची यंत्रणा बसवली जात होती, पण चालू झालेली नव्हती. त्या आगीनंतरची पुनर्बांधणी चालू असतानाच जून २०१८ मध्ये ती इमारत पुन्हा जळाली. जुनी यंत्रणा काढून टाकलेली आणि नवी सुरू न झालेली, असा एक टप्पा प्रत्येक कामात येतो. वेळापत्रकात तो लाल रंगात दाखवावा आणि जितका आखूड करता येईल तितका करावा. आग ओळखणारी तात्पुरती यंत्रणा परांचीबरोबरच उभी राहिली पाहिजे.

वेल्डिंग, ग्राइंडर, ब्लो-टॉर्च या कामांना रोजचा लेखी परवाना लागतो. परवान्यावर जागा, वेळ, अग्निशामक आणि पहारेकऱ्याची सही. काम संपल्यावर किमान तासभर पहारा, आणि सुट्टी व्हायच्या आधीच्या दोन तासांत असलं काम नाहीच. ठिणगी लाकडी जमिनीच्या फटीतून खाली जाते, शतकभराच्या धुळीत धुमसत राहते आणि सगळे घरी गेल्यावर पेटते. ज्या जोडण्या बोल्टने होतात त्या बोल्टनेच कराव्यात.

साठ्याच्या जुन्या पोलादी सांगाड्यांची रचनाच आगीला पोषक असते. कपाटांचे खांब तळापासून माथ्यापर्यंत सलग, मधले मजले म्हणजे पातळ पत्रे किंवा काचेच्या लाद्या, आणि कडेने हवा खेळायला सोडलेल्या फटी. खाली पेटलं की त्या फटी धुराड्यासारख्या ओढतात. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २९ एप्रिल १९८६ रोजी असंच झालं, सुमारे चार लाख ग्रंथ जळाले. साठ्यात स्प्रिंकलर, म्हणजे आगीवर आपोआप पाणी फवारणारी तोंडं, नव्हते. हे सांगाडे काढायचे म्हटलं तर आणखी एक पेच असतो: कधी वरच्या दालनाची जमीनच त्यांच्यावर उभी असते. न्यू यॉर्कच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयातलं मोठं वाचनदालन तसं आहे. म्हणून एकही खांब हलवण्याआधी भार कुठून कुठं उतरतो हे कागदावर यायला हवं. सांगाडा ठेवायचाच असेल तर फटी आगरोधक सामग्रीने बंद करायच्या, उभ्या सलग पोकळ्या मध्येमध्ये अडवायच्या आणि दर थरावर स्प्रिंकलर घालायचे.

स्प्रिंकलर म्हटलं की ग्रंथपाल दचकतात. चित्रपटात सगळे फवारे एकदम सुटतात, म्हणून. प्रत्यक्षात नेहमीच्या तोंडाची काचनळी ६८ अंशांना फुटते आणि फक्त तेवढंच तोंड उघडतं. त्यातून मिनिटाला शंभर लिटरच्या आसपास पाणी येतं, अग्निशमन दलाच्या एका नळीतून त्याच्या कितीतरी पट. दुर्मीळ साठ्यात पाइप कोरडा ठेवून, धूरसंवेदकाने इशारा दिल्यावरच त्यात पाणी सोडणारी रचना करता येते. भिजलेला ग्रंथ ४८ तासांच्या आत गोठवला तर पुढे निर्वात यंत्रात सुकवून बहुधा वाचतो. जळालेला वाचत नाही.

विस्ताराकडे येऊ. नव्या इमारतीला दर्शनी भाग कसा असावा यावर बैठका झडतात. ती चर्चा वास्तुविशारदांची. बांधकामाच्या बाजूने पाहिलं तर विस्ताराचं पहिलं काम जुन्या इमारतीच्या अंगावरचं ओझं उतरवण्याचं आहे. लिफ्ट, स्वच्छतागृहं, सुटकेचा जिना, वातानुकूलनाची यंत्रं, जड साठा, हे सगळं नव्यात गेलं की जुन्यात भिंती फोडाव्या लागत नाहीत आणि पाणी शिरायची कारणं निम्म्याने घटतात. जुन्या इमारतीचे मजले नव्याशी कधीच जुळत नाहीत. दोन्ही बाजूंना दारं असलेली लिफ्ट जोडावर ठेवली तर ती नव्याच्या आणि जुन्याच्या वेगवेगळ्या पातळ्यांवर थांबू शकते, आणि उताराला लागणारी लांबी वाचते. एकास बारा उतारात अर्धा मीटर चढायला सहा मीटर लागतात, तेही मधले टप्पे सोडून.

जागा नसेल तर जमिनीखाली जातात. इलिनॉय विद्यापीठाने १९६९ मध्ये पदवीपूर्व ग्रंथालय जमिनीखाली बांधलं, कारण शेजारी मॉरो प्लॉट्स नावाचं १८७६ पासूनचं प्रायोगिक शेत आहे आणि मक्यावर सावली पडता कामा नये. शिकागो विद्यापीठाच्या मानसुएटो ग्रंथालयात, २०११ मध्ये, वर काचेचा घुमट आणि खाली यंत्रमानवी साठा असा मेळ घातला; क्षमता पस्तीस लाख ग्रंथांची. तळघर करायचं तर पाण्याशी सामना ठरलेला. १९९७च्या जुलैत कोलोराडो स्टेट विद्यापीठाच्या मॉर्गन ग्रंथालयात, विस्ताराचं काम चालू असतानाच, पुराच्या पाण्याने तळघराची भिंत फोडली आणि लाखो खंड भिजले. त्यामुळे तळघराला बाहेरून जलरोधक थर, आतून पोकळ भिंत आणि निचऱ्याची नाली, खड्ड्यात दोन पंप, दोन्हींना वेगवेगळी वीज, आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान पंधरा सेंटिमीटर वर. एकाच यंत्रणेवर भरवसा नको.

खोदकाम जुन्या पायाजवळ येतं तिथं हात आखडता घ्यायचा. आधी हाताने तीन-चार चाचणी खड्डे घेऊन पाया किती खोल आहे ते बघावं. जुने पाये पुष्कळदा उथळ, पायऱ्यापायऱ्यांचे, डबरात बांधलेले निघतात. पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली जाणारी रेघ कल्पावी. खोदकाम त्या रेघेच्या आत आलं की जुन्या पायाखाली आधार घालावा लागतो. तो एक-सव्वा मीटरच्या तुकड्यांत, शेजारचे तुकडे एकदम न उघडता: आधी पहिला, चौथा, सातवा, मग दुसरा, पाचवा, आठवा. नव्या पायाचे खांब ठोकून बसवायचे नाहीत, छिद्र पाडून ओतायचे. हादऱ्यांसाठी जर्मन मानक ४१५० वारसा इमारतींना कमी कंपनसंख्येला सेकंदाला ३ मिलिमीटरची मर्यादा सुचवतं. मापक बसवला, ती ओलांडली की यंत्र थांबतं, वाद होत नाही. भेगांवर तारीख लिहून पट्ट्या चिकटवायच्या, काम सुरू व्हायच्या निदान काही महिने आधी. ऊन-थंडीत जुनी भेग आपोआप उघडमीट करते. हे आधी नोंदलं नसेल तर सगळा दोष खोदकामावर येतो, किंवा खरा दोष निसटून जातो.

नवी भिंत जुनीला चिकटवायची नाही. नवी इमारत बसणार, पाच-दहा मिलिमीटर का होईना. जुनी बसून झालेली आहे. मध्ये २५ ते ५० मिलिमीटरचा सांधा, त्यावर लवचीक झाकण, आणि नव्या छताचं पाणी जुन्या भिंतीवर पडणार नाही अशी पन्हाळ. गळतीची तक्रार आली की आम्ही आधी हाच सांधा तपासतो. तिथं दोन कंत्राटदारांची कामं भेटतात आणि झाकण दोघांपैकी कुणाच्याच यादीत नसतं. निविदेत ते नाव घेऊन लिहावं.

विस्तार पूर्ण दिसायला लागला की उद्घाटनाची तारीख ठरते आणि ग्रंथ परत आणायची घाई होते. इथं थांबावं लागतं. काँक्रीट कडक होणं आणि सुकणं या दोन गोष्टी वेगळ्या. ढोबळ मानाने एका बाजूने सुकणाऱ्या स्लॅबला अडीच सेंटिमीटरमागे महिना लागतो, म्हणजे दहा सेंटिमीटरला चार महिने. जाड स्लॅबला त्याच प्रमाणापेक्षा जास्तच. या काळात खोलीत ग्रंथ आणले तर ते पाणी कागदात जातं. रिकाम्या खोलीत यंत्रणा चालू ठेवून, आर्द्रतेची नोंद सलग महिनाभर स्थिर दिसली की मगच पहिला ट्रॉली आत. वाट बघणं पटवून देताना तर्क चालत नाही, आलेख चालतो. म्हणून नोंदयंत्रं पहिल्या दिवसापासून भिंतीवर हवीत.

परत लावताना फळ्या शंभर टक्के भरायच्या नाहीत. तीन चतुर्थांश भरून पुढे जावं. ८५ टक्क्यांवर गेलेला साठा व्यवहारात भरलेलाच असतो, कारण मधे एक नवा ग्रंथ घालायला दहा फळ्या सरकवाव्या लागतात. जागा आधी कागदावर वाटून घ्यायची: कोणता वर्गांक कोणत्या कपाटाच्या कोणत्या फळीवर सुरू होणार. मोजणीच्या वेळचे धावते मीटर इथं पुन्हा कामाला येतात. नियतकालिकं वाढती की बंद पडलेली, हे लक्षात घेतलं नाही तर एका टोकाला रिकाम्या फळ्या आणि दुसऱ्या टोकाला जमिनीवर गठ्ठे, असं वर्षभरात दिसतं.

पहिल्या वर्षी परत यावं लागतं: पहिल्या मोठ्या पावसात सांध्याखाली उभं राहायला, दारं फुगून अडकली का पाहायला, भेगांच्या पट्ट्या वाचायला. हस्तांतराच्या कागदांत झाकल्या गेलेल्या प्रत्येक पाइपचा झाकण्याआधीचा फोटो हवा, टेप शेजारी धरून घेतलेला. आणि पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहेत, कोणत्या दिशेला फिरवायचे, याचा एक पानाचा नकाशा रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या खोलीत, त्याला वाचता येईल अशा भाषेत. रात्री दोन वाजता पाइप फुटला तर त्या व्हॉल्व्हपर्यंत तोच जाणार आहे. हस्तांतराच्या दिवशी आम्ही त्याच्याकडूनच तो बंद करून घेतो, घड्याळ लावून. पहिल्या खेपेला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर नकाशा नव्याने काढतो.